तीन भाकरींचा हिशोब

सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठीत शेवटचा निबंध लिहिला तो ‘माझा आवडता ऋतू’, आणि त्यातही पावसाळ्याचा ‘ळ’ चुकला होता. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे जरा काणाडोळा करा, आकडेमोड मात्र बारकाईनं तपासा. हा लेख आकड्यांचाच आहे.

सुरुवात झाली आपल्या मेसमध्ये. एका मित्रानं नवीन फिटनेस बँड घेतला होता. संध्याकाळी क्रिकेट खेळून आला आणि जाहीर केलं, “आज एकतीसशे कॅलरी जाळल्या, दोन भाकऱ्या जास्त वाढा मावशी!” सगळे हसले. माझा रूम पार्टनर हसला नाही. तो म्हणाला, “माझे वडील बारा तास मागावर उभे असतात. त्यांच्या किती जळत असतील रे?”

टेबलावर आम्ही आठजण होतो, सगळे इंजिनिअर होणारे. एकालाही उत्तर देता आलं नाही.

विचार करा, इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. म्हणजे या गावात माग चालायला लागून शंभर वर्षं केव्हाच उलटली. साध्या मागाच्या मोटारीवरही पत्र्याची पट्टी असते: हॉर्सपॉवर किती, व्होल्टेज किती, करंट किती. मागाला किती युनिट वीज लागते हे कुठलाही दिवाणजी तोंडपाठ सांगेल. पण मागापुढे उभ्या असलेल्या माणसाला किती ऊर्जा लागते? त्याला काही पट्टी लावलेली नसते. मग ती काढायची कशी? या प्रश्नाच्या मागे मी महिनाभर लागलो. त्यातून जे समजलं ते सांगतो.

फिजिक्स इथं कमी पडतं

पहिला विचार साहजिकच ‘फोर्स इन्टू डिस्टन्स’चा आला. समजा साठ किलोचा मुलगा हॉस्टेलचे तीन मजले, म्हणजे अंदाजे दहा मीटर, चढून गेला. काम झालं ६० × ९.८ × १०, म्हणजे जवळपास ५९०० ज्यूल. कॅलरीत फक्त १.४. (जेवणाच्या तक्त्यातली कॅलरी ही खरं म्हणजे किलोकॅलरी असते, ४.१८ किलोज्यूलची. या लेखात सगळीकडे तीच धरा.) पण आपले स्नायू काही आदर्श मशीन नव्हेत. त्यांची कार्यक्षमता वीस ते पंचवीस टक्के. बाकी सगळी उष्णता. त्यामुळे प्रत्यक्षात सहा-सात कॅलरी खर्च होतात.

इथपर्यंत ठीक. आता खाली उतरा. फिजिक्स म्हणतं काम निगेटिव्ह, पण शरीर काही आपल्याला कॅलरी परत देत नाही, उतरतानाही खर्चच करतं. आणि हमाल पाठीवर पोतं घेऊन ट्रकजवळ नुसता उभा असेल तर? अंतर शून्य, म्हणून काम शून्य! हे त्या हमालाला जाऊन सांगायची माझी तरी हिंमत नाही.

थोडक्यात, बाहेर दिसणारं काम मोजून आतला खर्च कळत नाही. आत काय जळतंय तेच मोजावं लागतं.

श्वास पिशवीत भरायचा

आपल्या शरीरात अन्न जळतं ते ऑक्सिजनवर. हे पहिल्यांदा नीट दाखवलं ते फ्रान्समध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी, १७८० च्या दशकात. त्यांनी एक गिनिपिग बर्फानं वेढलेल्या भांड्यात ठेवला. त्याच्या उष्णतेनं किती बर्फ वितळला ते एकीकडे मोजलं आणि त्याच्या श्वासातला वायू दुसरीकडे. पुढं अमेरिकेत ॲटवॉटर यांनी १८९० च्या दशकात माणूस राहू शकेल अशी बंद खोलीच बांधली. आतला माणूस जेवायचा, झोपायचा, सायकलही मारायचा, आणि बाहेर त्याच्या उष्णतेचा आणि श्वासाचा हिशोब चालायचा. दोन्ही हिशोब जुळले! त्यामुळे खोली नसली तरी चालतं, नुसता श्वास मोजला तरी पुरतो हे सिद्ध झालं.

मग १९११ मध्ये ऑक्सफर्डच्या क्लॉड डग्लस यांनी ही गोष्ट पाठीवर नेण्याजोगी केली. मोठी हवाबंद पिशवी, एक नळी, तोंडात धरायचा तुकडा आणि नाकाला चिमटा. माणूस काम करत राहतो, त्याचा बाहेर पडणारा श्वास पिशवीत साठतो. नंतर पिशवीतली हवा मोजायची आणि तिच्यात ऑक्सिजन किती उरला ते बघायचं.

गणित अगदी सोपं आहे. समजा एका मिनिटात वीस लिटर श्वास पिशवीत आला. आत घेतलेल्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के होता, बाहेर आलेल्या हवेत १६.९ निघाला. म्हणजे चार टक्के शरीरानं वापरला. वीस लिटरचे चार टक्के म्हणजे ०.८ लिटर. एक लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण पाच कॅलरी खर्च होतात. म्हणून ०.८ × ५ = ४ कॅलरी दर मिनिटाला. वॉटमध्ये सांगायचं तर जवळपास २८०.

आता तुम्ही म्हणाल, मग घ्या पिशवी आणि चला शेडमध्ये! पण नाकाला चिमटा लावून कोण धोटा बदलणार? आजकाल छोटी यंत्रं मिळतात, पण ती महागडी. त्याहून अचूक पद्धत म्हणजे खास तयार केलेलं ‘जड’ पाणी प्यायला द्यायचं आणि पुढचे काही दिवस लघवीचे नमुने तपासायचे. माणसांवर ती १९८० च्या दशकात सुरू झाली. तिच्यात माणसाला काहीच बांधून घ्यावं लागत नाही, पण ते पाणी आणि ती तपासणी आपल्या लॅबच्या बजेटबाहेरची. शिवाय तिच्यातून कित्येक दिवसांची मिळून एकच बेरीज मिळते. कुठल्या कामाला किती, ते कळत नाही.

नाडीनं मला फसवलं

स्वस्तातला उपाय म्हणजे नाडी. काम वाढलं की ऑक्सिजन जास्त लागतो आणि तो पोचवायला हृदय जास्त वेळा ठोकतं. मध्यम ते जड कामात हा संबंध बऱ्यापैकी सरळ रेषेत असतो. म्हणून आधी लॅबमध्ये त्या माणसाला पायरीवर चढ-उतार करायला लावायची, नाडी आणि ऑक्सिजन दोन्ही मोजून त्याचा स्वतःचा ग्राफ काढायचा. मग कामावर फक्त नाडी मोजली की ग्राफवरून खर्च काढता येतो. फिटनेस बँडही आतून नाडी आणि हालचालीवरूनच अंदाज बांधतो. फक्त तो तुमचा ग्राफ काढत बसत नाही, सरासरी माणसाचा वापरतो.

मी उत्साहात एका सायझिंगमध्ये गेलो. तिथं खळ लावलेलं सूत वाफेवर तापलेल्या सिलिंडरवरून वाळत पुढं जातं. मशीनजवळ उभ्या असलेल्या एका कामगाराची परवानगी घेऊन नाडी मोजली. मिनिटाला ११६! पण तो माणूस त्या वेळी फक्त उभा राहून सुतावर लक्ष ठेवत होता. मी वहीत लिहिलं, ‘अतिशय जड काम’. मग थोडा वेळ मीच तिथं उभा राहिलो आणि माझी मोजली. १०८! आणि मी तर काहीच करत नव्हतो.

खरं कारण उष्णता. अंग थंड ठेवायला हृदय कातडीकडे जास्त रक्त पाठवतं, त्यासाठी ठोके वाढतात, पण ऑक्सिजन तेवढा वाढत नाही. नुकताच प्यालेला चहा, भीती, कमी झोप यांनीही तसंच होतं. म्हणून गरम जागी नाडीवरून कॅलरी काढाल तर आकडा फुगतो. मात्र हृदयावरचा ताण खराच असतो, तो विसरून चालणार नाही.

वही, घड्याळ आणि काका

शेवटी सगळ्यात जुनी, बिनखर्चाची पद्धत निवडली. दर मिनिटाला माणूस काय करतोय ते लिहायचं. प्रत्येक कृतीला तक्त्यातला आकडा लावायचा. बेरीज करायची. असे तक्ते अनेक वर्षांच्या पिशवीवाल्या प्रयोगांतून तयार झाले आहेत. पासमोर आणि डर्निन यांनी १९५५ मध्ये असे आकडे एकत्र केले. पुढं १९९३ मध्ये अमेरिकेत एन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी ‘मेट’ या एककात मोठी यादी काढली. एक मेट म्हणजे शांत बसलेल्या माणसाचा खर्च, दर किलो वजनाला तासाला साधारण एक कॅलरी. दोन मेट म्हणजे त्याच्या दुप्पट.

पार्टनरनं वडिलांना विचारलं, शेडमालकाची परवानगी काढली आणि एका सकाळी मी वही घेऊन मागांच्या ओळीत जाऊन उभा राहिलो. पहिली दहा मिनिटं आवाजानं काही सुचेचना. काका एकटे सहा माग सांभाळत होते. कांडी संपली की धोटा काढायचा, भरलेली कांडी घालायची, माग सुरू. तुटलेला धागा फणीतून ओढून गाठ मारायची. मध्येच कापड बघायचं. आणि सतत या मागावरून त्या मागावर फेऱ्या.

दोन तासांत १२० नोंदी झाल्या. उभं राहून हातांचं हलकं काम ६६ मिनिटं, त्याला २.३ मेट धरले. चालणं ४२ मिनिटं, २.८ मेट. उचलणं, ओढणं, ढकलणं ८ मिनिटं, ५ मेट. चहाला बसणं ४ मिनिटं, १.३ मेट. (हे आकडे तक्त्यातल्या जवळच्या कामांवरून मी धरलेत, तेव्हा दहा-वीस टक्के इकडेतिकडे होणारच.) गुणाकार करून बेरीज केली आणि १२० नं भागलं. सरासरी आली २.६२ मेट.

काकांचं वजन ४८ किलो. म्हणून तासाला १२६ कॅलरी, बारा तासांच्या पाळीला १५१०. सात तासांच्या झोपेचे ३२०. उरलेल्या पाच तासांत सायकल, बाजार, घरकाम, जेवण मिळून ३८५. एकूण २२१५. धरा २२०० कॅलरी.

मी खूश! संध्याकाळी पार्टनरच्या घरी चहा पिताना मोठ्यानं वाचून दाखवलं, “निष्कर्ष: काम हलकं ते मध्यम, गरज २२०० कॅलरी.”

काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “आकडा कमी आला म्हंजी काम हलकं, आसं लिवणार व्हय तू? मग मजुरीबी कमीच पुरंल म्हनायची.”

मी गडबडलो. म्हटलं, नाही काका, हे फक्त सायन्स आहे. काकू आतून म्हणाल्या, “लग्नात साठ किलो भरलं हुतं की ह्ये. आता बगा.”

वजन कोणाचं घालायचं?

त्या रात्री झोप आली नाही. माझ्या सगळ्या गणितात एक आकडा मी न विचारता घातला होता, वजन. खर्च वजनाच्या प्रमाणात धरलाय, तेव्हा माणूस जितका वाळलेला, तितकी त्याची ‘गरज’ कमी! काकांची उंची पाच फूट सहा इंच. त्या उंचीला ४८ किलो म्हणजे बी.एम.आय. १७. साडेअठराच्या खाली कमी वजन धरतात.

मग तेच काम, त्याच १२० नोंदी, फक्त वजन त्यांचं लग्नातलं, ६० किलो घातलं. पाळीला १८८५, झोपेला ४००, बाकीला ४८०. बेरीज २७६५. फरक बरोबर ५५० कॅलरींचा. पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरी धरली तर १७५ कॅलरी. म्हणजे रोजच्या तीन भाकरी!

२२०० हा आकडा खोटा नाही. काका आज तेवढाच खर्च करत असतील आणि तेवढ्यावर ४८ किलोच राहतील. पण ‘आज किती खर्च होतोय’ आणि ‘किती मिळायला हवं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मी पहिल्याचं उत्तर काढून दुसऱ्याच्या खाली लिहिलं होतं. आधीच्या वर्षांत जे कमी पडलं, त्याला फॉर्म्युला ‘कमी गरज’ समजतो. म्हणूनच आय.सी.एम.आर. गरज ठरवताना ‘संदर्भ’ माणसाचं वजन घेते. पूर्वी पुरुषासाठी ते ६० किलो होतं, २०२० च्या शिफारशीत ६५ केलं. त्या शिफारशीत मध्यम कामाच्या पुरुषाला २७१० कॅलरी आहेत, जड कामाच्या पुरुषाला ३४७०. ५५ किलोच्या स्त्रीला हेच आकडे २१३० आणि २७२०.

आकडा मजुरीत जातो

काका मजुरीचं बोलले ते मला तेव्हा गंमत वाटली. नंतर लायब्ररीत वाचलं आणि गप्प झालो. १९५७ मध्ये पंधराव्या इंडियन लेबर कॉन्फरन्सनं किमान वेतन कसं ठरवायचं याचे निकष दिले. त्यातला पहिलाच निकष कॅलरींचा: डॉ. ॲक्रॉइड यांच्या शिफारशीप्रमाणे मध्यम काम करणाऱ्या प्रौढाला रोज २७००. कुटुंब तीन ‘युनिट’चं. शिवाय चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेला वीस टक्के. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टानं रेप्टाकोस ब्रेट खटल्यात त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी अशा गोष्टींसाठी आणखी पंचवीस टक्के घातले. २०१९ मध्ये अनुप सत्पथी समितीनं कॅलरी २४०० वर आणायला सुचवलं. देशात जड कामं करणाऱ्यांचं प्रमाण घटलं असा त्यामागचा विचार. त्याचबरोबर प्रोटीन ५० ग्रॅम, फॅट ३० ग्रॅम आणि कुटुंब ३.६ युनिटचं धरायला सांगितलं.

२७०० का २४००, हे तज्ज्ञांनी ठरवावं. मला एवढंच कळलं की हा आकडा लॅबच्या जर्नलमध्ये राहत नाही. तो डाळ-तांदळाच्या भावानं गुणला जातो आणि पगाराच्या पाकिटात येतो.

विश्रांतीचंही तसंच आहे. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पुस्तकात मरेलचा फॉर्म्युला आहे: विश्रांती = वेळ × (प − ५) ÷ (प − १.५). यात ‘प’ म्हणजे कामाला दर मिनिटाला लागणाऱ्या कॅलरी. बीम उचलणाऱ्या हमालाचं काम ७.५ चं धरलं, तर तासाला ६० × २.५ ÷ ६, म्हणजे २५ मिनिटं विश्रांती. पण तो ‘५’ युरोपातल्या धडधाकट माणसाचा. आपल्याकडे साहा आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये भारतीय कामगारांसाठी मर्यादा मिनिटाला १८ किलोज्यूल काढली, म्हणजे ४.३ कॅलरी, नाडी ११० च्या आसपास. ५ च्या जागी ४.३ घाला. विश्रांती होते ३२ मिनिटं. पुस्तकातला आकडा डोळे झाकून घेतला तर दर तासाला माणसाची सात मिनिटं आपण खाल्ली!

आणि हेही लक्षात ठेवा, कॅलरी म्हणजे सगळा त्रास नव्हे. कानठळ्या बसवणारा आवाज, सुताची धूळ, रात्रपाळी, बारा तास पायांवर उभं राहणं, सहा मागांवर डोळा. यांची किंमत ऑक्सिजनमध्ये दिसत नाही. तेव्हा कॅलरी कमी आल्या म्हणून ‘काम हलकं’ असं लिहू नये.

स्वतः करून बघा

वही आणि घड्याळ एवढंच लागतं. ज्याचं काम मोजायचं त्याला आधी सगळं समजावून सांगा, हो म्हणाला तरच मोजा. दर मिनिटाला एक नोंद, कमीत कमी दोन तास, आणि शक्यतो पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटाला दोन्ही वेळा. तक्त्यातून मेट लावा. गरम जागेत नाडीवर विसंबू नका. वजनाच्या रकान्यात दोन आकडे लिहा, आजचं आणि उंचीप्रमाणे असायला हवं ते. दोन्ही उत्तरं लिहा आणि कुठलं कशाचं ते स्पष्ट लिहा.

आपल्यापैकी बरेचजण उद्या कुठल्यातरी मिलमध्ये वर्कलोड ठरवणार आहेत. एका कामगाराला चार माग द्यायचे का आठ, चहाची सुट्टी दहा मिनिटांची का वीस, हे आपल्या एक्सेल शीटमध्ये ठरेल. त्या शीटमध्ये वजनाचा एक रकाना असेल. तो भरताना काकूंचं वाक्य आठवा.

माझा रिपोर्ट मी बदलला. ‘हलकं’ हा शब्द खोडला, दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहिले आणि एक प्रत काकांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून २७६५ वर बोट ठेवलं आणि विचारलं, “ह्यो माजा का?”

मी म्हटलं, “हो काका, तुमचाच.”